फूड स्टॅम्पचं ईबीटी कार्ड: कॅश काउंटरवरून लिहिलेला रिव्ह्यू

अमेरिकेत कमी कमाईच्या घरांना खाण्यासाठी सरकारकडून दर महिन्याला पैसे मिळतात, त्या योजनेचं नाव स्नॅप, आणि ते पैसे ज्या कार्डावर येतात ते ईबीटी कार्ड. त्याबद्दल मराठीत नीट लिहिलेलं कुठे सापडत नाही म्हणून लिहितेय. २००८ मध्ये फूड स्टॅम्पचं नाव बदलून स्नॅप झालं तरी सगळे अजून फूड स्टॅम्पच म्हणतात, मीही तेच म्हणेन. न्यू जर्सीत एका इंडियन ग्रोसरीत मी कॅशवर असते, दुकानाचं नाव सांगत नाही, आमच्याकडे ईबीटी चालतं आणि आमच्या राज्यात पैसे महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत कार्डावर येतात म्हणून त्या दिवसांत आमची रांग पार भाजीच्या रॅकपर्यंत जाते. त्यामुळे कार्ड कसं चालतं, कुठे अडतं, कोण वापरतं हे रोज डोळ्यासमोर असतं, आणि २०२५ पासून वॉशिंग्टनने जे नियम बदललेत त्याचा परिणाम पेपरात यायच्या आधी आम्हाला काउंटरवर दिसतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. कार्ड वापरायला एकदम चांगलं, पाचपैकी साडेचार. चोरीपासून संरक्षण अगदी कच्चं, दीड. आणि कार्डामागची जी सर्व्हिस आहे, म्हणजे फॉर्म, कागदपत्रं, फोन, दर काही महिन्यांनी रिन्यू करणं, ती आधीच अवघड होती आणि आता कायद्याने अजून अवघड केलीय, आणि त्याचा फटका बसतोय तो काम करणाऱ्या माणसांना आणि त्यांच्या पोरांना. काम टाळणाऱ्यांना धडा शिकवायचा म्हणून हे केलं असं सांगतात, पण मी ज्यांना कार्ड नसताना बघतेय ती माणसं माझ्याकडे युनिफॉर्मवरच येतात, कुणी वेअरहाउसचं जॅकेट घालून, कुणी नर्सिंग होमचे स्क्रब घालून.

आधी चांगलं. दिसायला साधं डेबिट कार्डासारखं, स्वाइप करायचं, चार आकडी पिन टाकायचा, झालं. कुठली वस्तू कार्डावर चालते ते आमचं मशीनच ठरवतं, पावतीवर उरलेला बॅलन्स छापून येतो. मागच्या गिऱ्हाइकाला कळतही नाही कुठलं कार्ड होतं. पूर्वी कागदी कुपनांची पुस्तकं असायची, काउंटरवर सगळ्यांसमोर एकेक फाडून द्यायची, २००४ पर्यंत सगळ्या राज्यांत कार्ड आलं आणि ते बंद झालं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बरोबर पोरं असतात. दहा-बारा वर्षांच्या पोराला सगळं कळत असतं, आईकडे कोण कसं बघतं ते तर नक्कीच कळतं. आणि पैसे थेट खाण्यावरच जातात, तांदूळ, तूरडाळ, आटा, दूध, अंडी, कांदे-बटाटे, हिंग-हळद-मोहरीसुद्धा चालते, आणि या पैशातून घेतलेल्या मालावर सेल्स टॅक्स लावता येत नाही हा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, नियम आहे. फार्मर्स मार्केटमध्येही बऱ्याच ठिकाणी चालतं.

आता काय चालत नाही. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड, टूथपेस्ट, भांड्यांचा साबण, अगरबत्ती, व्हिटॅमिनच्या गोळ्या, काहीच नाही. दारू-सिगरेट नाही हे समजू शकते पण डायपर नाही हे मला आजही पटत नाही, कारण रांगेत सगळ्यात जास्त अडचण त्याचीच होते, आई दूध-केळी कार्डावर घेते आणि डायपरच्या पाकिटासाठी पर्समधली चिल्लर मोजते. आणि गरम खाणं चालत नाही. आमच्याकडे काउंटरच्या डाव्या हाताला गरम समोशांचा ट्रे आहे आणि समोर फ्रीझरमध्ये फ्रोझन समोसे, तेच समोसे, त्याच कंपनीचे. फ्रोझन पाकीट कार्डावर जातं, गरम समोसा जात नाही. ज्याच्या घरी ओव्हन, गॅस आहे त्याला ठीक आहे. पण इथून जवळच मोटेलच्या खोलीत महिन्याच्या भाड्याने राहणारी कुटुंबं आहेत, चार माणसं एका खोलीत, स्वयंपाकघर नाही, फार तर एक मायक्रोवेव्ह. त्यांना हा नियम काय सांगतो, थंड खा. एक काका असेच येतात नाइट शिफ्ट संपवून, ब्रेड, केळी आणि दही घेतात, समोशाकडे बघतही नाहीत आता, सवय झालीय त्यांना. हा नियम जुना आहे, आताच्या सरकारचा नाही, पण इतके बदल करायला हात घातला तर हा बदलायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

त्याऐवजी बदललं काय तर सोडा आणि चॉकलेट. जानेवारी २०२६ पासून इंडियाना, आयोवा, नेब्रास्का, युटा आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत कार्डावर काही गोड पेयं आणि काही ठिकाणी कँडी बंद झाली, आणखी राज्यं रांगेत आहेत. न्यू जर्सीत नाही. सोडा चांगला नाही हे मलाही माहितीय, पण प्रत्येक राज्याची यादी वेगळी, एकीकडे नुसता सोडा, दुसरीकडे ज्याच्यावर टॅक्स लागतो ते सगळं, आणि हे ठरवायचं कुणी, तर कॅशवरच्या मुलीने आणि छोट्या दुकानदाराच्या जुन्या मशीनने. कार्डाची जी सगळ्यात चांगली गोष्ट होती, काउंटरवर वाद नाही आणि तमाशा नाही, तिलाच यात धक्का लागतो.

रक्कम किती? २०२४ साली माणशी सरासरी महिन्याला साधारण १८७ डॉलर होती, म्हणजे एका जेवणाला दोन डॉलर पकडा. चार माणसांच्या घराला ऑक्टोबर २०२५ पासून जास्तीत जास्त ९९४ डॉलर, पण ते जास्तीत जास्त, कमाई असली की कमी होत जातं, हिशोब असा की खर्च वजा जाता जे उत्पन्न राहतं त्यातले तीस टक्के तुम्ही खाण्यावर घालाल असं गृहीत धरतात. आमच्याकडचं दृश्य सांगते, पाच तारखेपर्यंत वीस पौंडी तांदळाची बॅग, तेलाचा मोठा कॅन, पनीर, फळं, आणि पंचवीस तारखेला त्याच बाई एक दुधाचा कॅन आणि ब्रेड घेऊन येतात आणि स्वाइप करायच्या आधी विचारतात, किती आहे गं शिल्लक. २०२१ च्या ऑक्टोबरात रक्कम ठरवायचं जे मूळ गणित असतं ते बऱ्याच वर्षांनी सुधारलं आणि साधारण २१ टक्के वाढ मिळाली, कोविडमधली जास्तीची रक्कम फेब्रुवारी २०२३ ला संपली, आणि आता २०२५ च्या नव्या कायद्याने असं ठरवलंय की पुढे महागाईपुरतीच वाढ, गणित परत तपासलं तरी खर्च वाढता कामा नये. घरखर्चाच्या हिशोबात इंटरनेटचं बिलही धरायचं नाही असं त्यात लिहिलंय. पोरांचा होमवर्क, नोकरीचे अर्ज, हेच स्नॅपचं रिन्यू करणं, सगळं ऑनलाइन, आणि इंटरनेट गरजेचं धरत नाहीत.

चोरीबद्दल लिहिलंच पाहिजे. तुमच्या बँकेच्या कार्डाला चिप असते, ईबीटी कार्डाला बहुतेक राज्यांत अजून नुसती काळी पट्टी. चोर कुठल्यातरी मशीनवर स्किमर बसवतात, पट्टीची नक्कल करतात आणि महिन्याचे पैसे पडले त्या रात्रीच सगळे काढून घेतात. एका ताईंची पूर्ण ट्रॉली भरलेली, दोन तारीख, मशीनने सांगितलं बॅलन्स शून्य. त्यांनी परत पिन टाकला, परत शून्य, मग त्या बाजूला झाल्या आणि एकेक वस्तू जागेवर ठेवायला लागल्या, आम्ही सांगितलं राहू दे ताई आम्ही ठेवतो, तरी ठेवत राहिल्या. पूर्वी अशी चोरी झाली तर फेडरल पैशातून काही रक्कम परत मिळायची, ती मुदत २० डिसेंबर २०२४ ला संपली आणि संसदेने पुढे वाढवली नाही. क्रेडिट कार्डावर चोरी झाली तर बँक परत देते, गरिबाच्या जेवणावर झाली तर बहुतेक ठिकाणी कोणी देत नाही, हे मला फार चुकीचं वाटतं. कॅलिफोर्नियाने चिपवाली कार्डं सुरू केलीत, बाकीच्यांनी कधी करायची? तोपर्यंत एकच, पैसे यायच्या आदल्या दिवशी पिन बदला, अ‍ॅपमध्ये कार्ड लॉक करायची सोय असेल तर लॉक ठेवा आणि दुकानात आल्यावर उघडा. १२३४ पिन ठेवू नका.

आता मुख्य भाग. ४ जुलै २०२५ ला मोठा कायदा सही झाला, त्यात पुढच्या दहा वर्षांत स्नॅपवरचा फेडरल खर्च साधारण १८६ अब्ज डॉलरने कमी होईल असा संसदेच्याच बजेट ऑफिसचा हिशोब आहे. हा एवढा पैसा वाचतो कसा, तर एक मोठा भाग कामाच्या अटीतून. पूर्वी ज्यांना लहान मूल नाही आणि वय ५४ पर्यंत आहे त्यांनी महिन्याला ८० तास काम दाखवायचं, नाहीतर तीन वर्षांत फक्त तीन महिने कार्ड. आता हे वय ६४ पर्यंत नेलंय. आणि मूल चौदा वर्षांचं झालं की आईबापालाही हीच अट. बेघर माणसं, सैन्यातून परत आलेले, फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारी सांभाळातून, अठराव्या वर्षी बाहेर पडलेली पोरं यांना २०२३ मध्ये जी सूट दिली होती तीही काढून टाकली. अटीतल्या बदलांमुळे सरासरी महिन्याला २४ लाख माणसं कमी होतील असा त्याच ऑफिसचा अंदाज आहे.

ऐकायला वाटतं, ८० तास म्हणजे आठवड्याचे वीस, त्यात काय. पण तास कोण देतं ते बघा. आमच्या एक नेहमीच्या ताई आहेत, हॉटेलात खोल्या साफ करतात, मुलगा पंधरा वर्षांचा. उन्हाळ्यात त्यांना पस्तीस-चाळीस तास मिळतात, जानेवारी-फेब्रुवारीत खोल्या रिकाम्या म्हणून मॅनेजर पंधरावर आणतो. पंधरा चोक साठ. वीस तास कमी पडले, ते त्यांनी नको म्हटले म्हणून नाही, दिले नाहीत म्हणून. शेड्यूल रविवारी रात्री फोनवर येतं, दुसरी नोकरी धरायची तर तिचं शेड्यूल याच्याशी जुळत नाही. म्हणजे ज्या महिन्यात पगार कमी त्याच महिन्यात कार्ड जायची भीती, आणि कार्ड असतं ते नेमकं अशाच महिन्यासाठी ना? ट्रेनिंग किंवा व्हॉलंटियरिंगने तास भरता येतात असं नियमात आहे, पण त्याचेही कागद आणायचे, सही आणायची, अपलोड करायचे, आणि ते वेळेत पोचले की नाही हे कळायला फोन करायचा.

फोनबद्दल काय सांगू. त्या ताईंनी एकदा ब्रेकमध्ये आमच्या दुकानातूनच फोन लावला होता, स्पीकरवर, म्युझिक वाजतंय, तुमचा नंबर अमुक, अर्धा तास झाला आणि ब्रेक संपला म्हणून कट करून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. पे स्टबचे, म्हणजे पगाराच्या पावत्यांचे, फोटो अपलोड केलेले, तरी पत्र आलं की कागद मिळाले नाहीत. काम करत होत्या, पगार चेकने होता, सगळं कायदेशीर, आणि तरी एक महिना केस बंद. नंतर सुरू झाली. पण त्या महिन्यात घरी काय शिजलं ते मी विचारलं नाही.

हे फक्त आमच्या भागात होतंय असं नाही. अर्कान्सॉ राज्यात २०१८ ला मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, अशीच ८० तासांची अट आणली होती, काही महिन्यांत १८,००० माणसांचा विमा गेला, आणि नंतर अभ्यासात दिसलं की त्यातले बहुतेक आधीच काम करत होते किंवा सूट मिळण्यात बसत होते, फक्त रिपोर्ट करणं जमलं नाही. कोर्टाने २०१९ मध्ये ते थांबवलं. आता तीच गोष्ट देशभर येतेय, जानेवारी २०२७ पर्यंत मेडिकेडच्या विस्तारात आलेल्या १९ ते ६४ वयाच्या लोकांना ८० तास दाखवावे लागणार आणि पात्रता दर सहा महिन्यांनी तपासणार. म्हणजे हॉटेलातल्या त्या ताईंना खाण्यासाठी एक कागद, औषधासाठी दुसरा.

आणि काम केलं की गरज संपते हेही खरं नाही. फेडरल किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकलेलं आहे, टिपवर काम करणाऱ्यांचं तर १९९१ पासून दोन डॉलर तेरा सेंट. न्यू जर्सीत २०२६ ला १५.९२ आहे, नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की सव्वासातच. सव्वासातने आठवड्याचे चाळीस तास वर्षभर केले तर पंधरा हजार ऐंशी डॉलर होतात, त्यात भाडं भरून दोन पोरांना जेवू घालून दाखवावं कुणीतरी. मालक कमी पगार देतो आणि खाण्याचा फरक हे कार्ड भरून काढतं, मग कार्डच काढलं तर तो फरक पोरांच्या ताटातून जातो.

पोरांचं जास्त लिहितेय कारण कार्ड वापरणाऱ्या साधारण चार कोटी सतरा लाख माणसांत, हा २०२४ चा आकडा, दर पाचात जवळपास दोन मुलं आहेत. आणि एक गोष्ट जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, या कार्डाला बाकीच्या सोयी जोडलेल्या आहेत. घरात स्नॅप असेल तर शाळेत वेगळा फॉर्म न भरता पोराला फुकट जेवण लागू होतं, शाळेला यादी थेट जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दर मुलामागे १२० डॉलर मिळतात ते समर ईबीटी, २०२४ पासून सुरू झालं, टेक्सास-फ्लोरिडासारख्या काही राज्यांनी घेतलंच नाही पण आमच्याकडे आहे, तेही बहुतेकांना याच यादीतून आपोआप. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे डब्ल्यूआयसी आहे त्यालाही स्नॅपचं कार्ड असलं की उत्पन्नाचा पुरावा परत द्यावा लागत नाही. आता आईच्या पे स्टबचा घोळ होऊन घराचं कार्डच बंद पडलं की हे सगळं एकेक करून परत मागावं लागतं, परत फॉर्म, परत रांग. त्यात २०२५ च्या मार्चमध्ये शाळा आणि गरजूंना फुकट धान्य देणाऱ्या फूड बँकांना जवळच्या शेतकऱ्यांकडून माल घ्यायला मिळणारे साधारण एक अब्ज डॉलरही रद्द झाले, म्हणजे कार्ड गेलं की जिथे जायचं तिथलाही माल कमी. फीडिंग अमेरिका म्हणून जी फूड बँकांची मोठी संस्था आहे ती सांगते की फूड बँका एक जेवण देतात तेव्हा स्नॅप नऊ देतं. चर्च आणि मंदिरांनी कितीही मनावर घेतलं तरी नऊची जागा भरणार नाही, आमच्या मंदिरातले लोक किती राबतात ते मी बघते म्हणून सांगतेय.

नोव्हेंबर २०२५ विसरणार नाही. १ ऑक्टोबरला सरकार बंद पडलं ते १२ नोव्हेंबरला उघडलं, ४३ दिवस, तोपर्यंतचं सगळ्यात लांब. नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे पडणार नाहीत असं कृषी खात्याने जाहीर केलं, इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. राखीव निधी होता, कोर्टाने तो वापरा म्हणून सांगितलं, मग अर्धवट देतो म्हणाले, मग काही राज्यांनी पूर्ण पैसे टाकले, त्यावर परत सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि टाकलेले पैसे मागे घ्या असं राज्यांना पत्र. हे सगळं आमच्या गिऱ्हाइकांना कसं कळणार? ते रोज येऊन कार्डाच्या मागचा नंबर लावून बॅलन्स ऐकत होते, काही जण नुसतं स्वाइप करून बघायला एक चॉकलेट किंवा कोथिंबिरीची जुडी घेऊन यायचे, गेलं तर पैसे आलेत. पहिले पाच दिवस आमची रांगच नव्हती. आमच्या मालकांनी काही घरांना उधारीवर डाळ-तांदूळ दिले, वहीत लिहून, आणि ते पैसे लोकांनी आणून दिलेही. स्नॅपचा पैसा आता ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत मंजूर आहे.

आपल्या लोकांसाठी एक वेगळं. बरेच मराठी लोक मला म्हणतात हे आपल्यासाठी नाहीच. एच-१बी आणि विद्यार्थी व्हिसावाल्यांना खरंच मिळत नाही, कधीच मिळत नव्हतं. ग्रीन कार्डवाल्या मोठ्यांना साधारण पाच वर्षं थांबावं लागतं, अठरा वर्षांखालच्या ग्रीन कार्डवाल्या मुलांना थांबावं लागत नाही, आणि इथे जन्मलेलं मूल नागरिक आहे, आईवडील पात्र नसले तरी त्या मुलापुरता अर्ज करता येतो. नव्या कायद्याने निर्वासित आणि आश्रय मिळालेल्या लोकांना मात्र यादीतून काढलं, ज्यांना याच देशाने कायदेशीर बोलावून घेतलं होतं त्यांना. आमच्याकडे येणारी एक दोन अफगाण कुटुंबं आता कमी सामान घेतात एवढं मला दिसतं. आणि भीती वेगळीच. स्नॅप घेतलं तर ग्रीन कार्ड अडेल, असा नियम २०२० च्या फेब्रुवारीत लागू झाला होता, मार्च २०२१ मध्ये निघाला, पण भीती मनातून गेली नाही, आणि आता परत नियम बदलायच्या हालचाली चालू असल्यामुळे पात्र असलेल्या पोरांची कार्डंही आईवडील सोडून देतायत. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका, फुकट लीगल एड, म्हणजे वकिली मदत, असते, त्यांना विचारा.

पुढचं अजून बाकी आहे. आतापर्यंत कार्डावरचे सगळे पैसे फेडरल सरकार द्यायचं आणि ऑफिस चालवायचा खर्च राज्याबरोबर अर्धा-अर्धा. ऑक्टोबर २०२६ पासून ऑफिसच्या खर्चात राज्याचा वाटा ७५ टक्के, आणि ऑक्टोबर २०२७ पासून ज्या राज्याच्या हिशोबात चुका सहा टक्क्यांच्या वर त्याने खाण्याच्या पैशातलेही ५ ते १५ टक्के भरायचे. चूक म्हणजे लबाडी नव्हे, कमी पैसे दिले तरी ती चूक धरतात, क्लार्कने एखादा आकडा चुकीचा टाकला तरी. २०२४ ला देशाची सरासरी १०.९३ टक्के होती, म्हणजे बहुतेक राज्यांना दंड बसणार. मग ऑफिस काय करणार, चूक नको म्हणून अजून चार कागद मागणार, आणि ते काम करायला माणसं ठेवायचा खर्चही त्यांच्यावर टाकलेला. ऑफिसातल्या त्या केसवर्कर बायकांचाही मला राग येत नाही, एकेकीकडे किती केस असतात ते ऐकलंय.

याच देशाने याहून सोपी सर्व्हिस देऊन दाखवलीय म्हणून जास्त वाईट वाटतं. २०२१ मध्ये चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे टॅक्समधून मिळणारी रक्कम, वाढवलं, सहाच्या आतल्या मुलाला ३,६०० आणि मोठ्याला ३,००० डॉलर, आणि जुलै ते डिसेंबर अर्धे पैसे महिन्याच्या महिन्याला सरळ बँकेत, बहुतेकांना वेगळा फॉर्म नाही, पे स्टब नाही, फोन नाही. मुलांची गरिबी सरकारच्याच मोजमापात त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली, आजवरची सगळ्यात कमी. ते बंद केलं, आणि २०२२ ला १२.४. एका वर्षात दुपटीच्या वर. आता २०२५ च्या कायद्याने क्रेडिट २,२०० केलंय आणि त्याची जाहिरात खूप होते, पण ज्यांना टॅक्सच लागत नाही इतकी कमाई कमी आहे त्यांना जास्तीत जास्त १,७००, आणि तेही अडीच हजाराच्या वरच्या कमाईच्या १५ टक्के या हिशोबाने. म्हणजे डॉक्टरच्या मुलाला पूर्ण, हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईच्या मुलाला अर्धवट. हे कुणीही मला समजावून सांगावं.

तर घ्यावं का हे कार्ड? पात्र असाल तर नक्की घ्या, लाज वाटून घेऊ नका, तुमच्या टॅक्समधूनच चालतं. न्यू जर्सीत उत्पन्नाची वरची मर्यादा फेडरल नियमापेक्षा (गरिबी रेषेच्या १३० टक्के) बरीच सैल आहे त्यामुळे आपण बसत नाही असं स्वतःच ठरवू नका, अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. हातात अगदी काहीच नसेल, महिन्याचं उत्पन्न १५० डॉलरच्या आत आणि जवळची रक्कम १०० च्या आत, तर सात दिवसांत मिळायला हवं, अर्ज देतानाच तसं सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. भाडं, पोरांच्या डे केअरचा खर्च, म्हाताऱ्या माणसाचा औषधाचा खर्च सगळं लिहा, त्याने रक्कम वाढते. पे स्टब एकही फेकू नका, अपलोड केलं की स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, मॅनेजरने तास कमी केले तर त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. आजारपण, गरोदरपण, घरात कुणाची सेवा करावी लागते, यातलं काही असेल तर ८० तासांच्या अटीतून सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते. आणि बंद करण्याची नोटीस आली तर पाकीट न उघडता ठेवू नका, त्यात तारीख असते, त्या तारखेच्या आत फेअर हिअरिंग, म्हणजे निर्णयाविरुद्ध सुनावणी, मागितलं तर निकाल लागेपर्यंत बहुतेक वेळा कार्ड चालू ठेवता येतं, तारीख गेली तरी नव्वद दिवसांपर्यंत मागता येतं. आमच्या त्या हॉटेलातल्या ताईंना हे लीगल एडच्या माणसाने सांगितलं होतं.